हळद्या, भेंडी आणि विद्यापीठाची राखण

भेंडीच्या शेतात हळद्या शिरला की तो आधी पानांच्या शिरांत दिसतो. कोवळ्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मधला भाग काही दिवस हिरवा राहतो, आणि पान उन्हाकडे धरलं तर हिरव्या कापडावर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखं दिसतं. मग हिरवा भागही फिका पडत जातो. नवं पान निघतं तेच पिवळं किंवा सायीच्या रंगाचं. झाड खुजं राहतं आणि त्याला लागणाऱ्या भेंड्या आखूड, पिवळट, निबर असतात. कुणी या रोगाला हळद्या म्हणतं, कुणी केवडा. नुकसान किती होणार हे रोग कोणत्या दिवशी आला यावर ठरतं. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याचा हिशेब मांडलेला आहे: पीक ३५ दिवसांचं असताना लागण झाली तर ९४ टक्के उत्पन्न बुडतं, ५० दिवसांचं असताना झाली तर ८४ टक्के आणि ६५ दिवसांचं असताना झाली तर ४९ टक्के. भेंडीचा पहिला तोडा साधारण पन्नासाव्या-पंचावन्नाव्या दिवशी येतो. म्हणजे नांगरट, शेणखत, बी, खुरपणी, पाणी असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो, हाती पहिला पैसा यायचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी शेत पिवळं पडतं.

कृषी विद्यापीठांनी भाजीपाला पिकवणाऱ्यांना काय दिलं, असा प्रश्न निघाला की उत्तरादाखल वाणांची यादी पुढे येते. इतकी वांगी, इतके टोमॅटो, इतक्या मिरच्या, इतक्या भेंड्या. टीका करणारेही तीच यादी हातात घेतात आणि विचारतात, यातलं आज शेतात काय उरलं आहे? दोघांची मोजपट्टी एकच आहे आणि ती चुकीची आहे, असं मला वाटतं. भेंडी आणि हळद्या यांचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर विद्यापीठाचं काम पेरणाऱ्याचं कमी आणि राखणदाराचं जास्त आहे हे दिसतं. ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसणारा माणूस पेरत नाही आणि कापतही नाही. त्याचं काम कुठल्याही पायलीत मोजता येत नाही. पण तो उठून गेला की काय होतं ते दोन दिवसांत कळतं. भेंडीची ही राखण बहुतांशी महाराष्ट्रात झाली. पुणे, जालना आणि परभणी ही तिची तीन ठिकाणं, आणि मधे एक फेरा दिल्लीचा.

पुण्याचं शेतकी महाविद्यालय १९०७ साली स्वतंत्रपणे उभं राहिलं. हॅरल्ड मान हे त्याचे पहिले प्राचार्य. त्या काळात मुंबई इलाख्याचं शेतकी खातं आणि हे महाविद्यालय एकमेकांत गुंतलेले होते. जो शिकवायचा तोच प्रयोग करायचा आणि तोच जिल्ह्यांत हिंडायचा. पैसा मात्र कापसाला होता, उसाला होता, गव्हाला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेंडी लागत नव्हती. भाजीपाला ही माळ्यांच्या मळ्यातली, विहिरीच्या पाण्यावरची, गावच्या आठवडी बाजारापुरती गोष्ट समजली जाई. तरीही १९२४ साली जी. एस. कुलकर्णी यांनी इलाख्यातल्या पिकांवरच्या मोझॅकसारख्या रोगांविषयी लिहिताना भेंडीच्या या पिवळेपणाची नोंद केली. या रोगाची शास्त्रीय वाङ्‌मयातली पहिली नोंद म्हणून आजही तिचाच दाखला दिला जातो. ती महाविद्यालयाच्याच नियतकालिकात आली होती. रोग त्याआधीही असणार, शेतकऱ्यांना ठाऊकही असणार. पण पिवळं पडलेलं झाड म्हटलं की नत्र कमी पडलं, पाणी जास्त झालं, मूळ कुजलं अशी दहा कारणं पुढे येतात. या दहांतून एक वेगळं काढून त्याला रोग म्हणणं हे राखणीचं पहिलं पाऊल होतं.

पुढचं पाऊल पडायला सोळा वर्षं लागली. बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी १९४० साली पुण्यातून या विषाणूजन्य रोगावर टिपण प्रसिद्ध केलं आणि १९५० साली कपूर व वर्मा यांचा सविस्तर अभ्यास आला. त्यातून जे निष्पन्न झालं ते आज प्रत्येक कृषी सेवा केंद्रातला माणूस सहज सांगतो, म्हणून त्याची किंमत आपल्या लक्षात येत नाही. हा रोग बियातून येत नाही. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळला तरी तो लागत नाही. कलम केलं तर लागतो, आणि शेतात तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती पांढरी माशी. पानाच्या मागच्या बाजूला बसणारी, झाड हलवलं की भुर्रकन उडून पुन्हा तिथेच येणारी, मिलिमीटरभर लांबीची माशी. पाठोपाठ १९५२ साली वर्मा यांनी माशी आणि विषाणू यांच्या संबंधावर वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला. आता हे कळल्याने त्या वर्षी कुणाच्या शेतातली भेंडी वाचली का? नाही वाचली. पण ते कळलं नसतं तर पुढचं काहीच सुचलं नसतं. रोग बियातून येत असता तर उपाय बियाण्याच्या पारखणीत होता, हाताच्या स्पर्शाने पसरत असता तर तोडणीच्या पद्धतीत होता. माशी आणि विषाणू हे दोघं मिळून गुन्हा करतात हे सिद्ध झाल्यावर दोनच वाटा उरल्या: माशी आवरायची किंवा विषाणूला दाद न देणारं झाड शोधायचं. त्या काळातली कीटकनाशकं आणि भाजीवाल्या शेतकऱ्याचा खिसा पाहता दुसरी वाट शहाणपणाची होती.

ती वाट दिल्लीत धरली गेली. बिहारमधल्या पुसा इथली शेती संशोधन संस्था १९३४च्या भूकंपानंतर दिल्लीला हलली आणि गावाचं नाव सोबत घेऊन आली, त्यामुळे तिथल्या वाणांच्या नावामागे 'पुसा' लागतं. हरभजन सिंग, ए. बी. जोशी आणि त्यांचे सहकारी देशभरातून भेंडीचं बी गोळा करून लावत होते, त्यांत पश्चिम बंगालमधून आलेला 'आय.सी. १५४२' या क्रमांकाचा एक नमुना होता. त्याच्या झाडांवर रोगाची खूण दिसत नव्हती. 'पुसा मखमली' या चांगल्या पण रोगाला बळी पडणाऱ्या वाणाशी त्याचा संकर करून, निवड करत करत 'पुसा सावनी' तयार झाली आणि १९६०च्या सुमारास शेतकऱ्यांपर्यंत पोचली. सावन म्हणजे श्रावण. हळद्याचा जोर पावसाळी भेंडीवर जास्त असतो आणि त्या पावसाळ्यातच हिरवीगार राहणारी भेंडी म्हणून हे नाव. या वाणात एक बारीक गोम होती आणि ती संशोधकांना ठाऊकही होती. बंगालच्या त्या झाडात विषाणू शिरत होता, वाढत होता, फक्त झाड त्याची खूण दाखवत नव्हतं. रोग सोसणं आणि रोगाला दारातच अडवणं यांत फरक आहे. तो फरक पुढे वीस वर्षांनी महागात पडला, पण ती वीस वर्षं मिळाली हेही विसरता कामा नये.

इथे कथा पुन्हा महाराष्ट्रात येते, आणि येते ती विद्यापीठाच्या दारातून नव्हे. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले हे हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले तरुण शेतकरी. त्यांनी दिल्लीहून 'पुसा सावनी'चं बी आणलं, आपल्या शेतात वाढवलं आणि विकायला सुरुवात केली. १९६४ साली त्यांनी महिको ही कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातल्या खासगी बियाणे उद्योगाचा आरंभ सांगताना संकरित ज्वारी-बाजरीचं नाव पुढे येतं, पण त्याच्याही आधी ही भेंडी आहे. सरकारी पगारावरच्या माणसांनी सरकारी जमिनीवर दहा-बारा वर्षं खपून जे बी केलं, त्याच्या खांद्यावर एक मोठा उद्योग उभा राहिला. यात कमीपणा कुणालाच नाही. बारवाल्यांनी जे केलं ते संस्थेला जमत नव्हतं: बी वाढवणं, वाळवणं, पिशवीत भरणं, तालुक्याच्या दुकानापर्यंत नेणं आणि शेतकऱ्याचा विश्वास कमावणं. पण कोणाच्या आधी कोण होतं हा क्रम नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण खासगी कंपन्या असताना विद्यापीठं हवीत कशाला, असं आज विचारलं जातं तेव्हा नेमका हाच क्रम विसरलेला असतो.

आता विद्यापीठांकडे वळू. भारतातल्या कृषी विद्यापीठांचा नमुना अमेरिकेचा. तिथे १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेतीचं उच्च शिक्षण सुरू झालं, १८८७च्या हॅच कायद्याने त्याला प्रयोग केंद्रं जोडली गेली आणि १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्ताराचं काम त्याच विद्यापीठांशी बांधलं गेलं. शिकवणारा, शोधणारा आणि शेतकऱ्याच्या बांधावर जाणारा हे तिघं एका छपराखाली आले. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, १९६० साली पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ निघालं, महाराष्ट्रात १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला आणि १९७२ साली, दुष्काळाच्या ऐन वर्षात, परभणी आणि दापोली. पण नमुना उचलताना एक मोठी गोष्ट मागे राहिली. गावोगावचं विस्ताराचं काम राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिलं आणि विद्यापीठाच्या वाट्याला 'विस्तार शिक्षण' हा शब्द आला. ज्याला उत्तर माहीत आहे तो आणि ज्याला प्रश्न रोज भेटतो तो, दोघं वेगळ्या खात्यांत बसले. भाजीपाल्याचं यात सगळ्यात जास्त नुकसान झालं असं माझं मत आहे. ज्वारीचा सल्ला महिन्याने मिळाला तरी भागतं. भेंडीच्या शेतात पांढरी माशी दिसली तर सल्ला आठवड्याच्या आत हवा.

तरीही परभणीने जे केलं ते या अपुऱ्या रचनेतून केलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'पुसा सावनी' पिवळी पडू लागली होती. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी लागवडीच्या भेंडीबाहेर पाहायचं ठरवलं. भेंडीच्या कुळात 'मॅनिहॉट' नावाची एक जात आहे. तिची फळं बाजाराच्या कामाची नाहीत, पण विषाणू तिला लागत नव्हता. 'पुसा सावनी'शी तिचा संकर केला. वेगळ्या जातींच्या अशा संकरातली अडचण उघड असते. झाड उभं राहतं, फुलतं, पण दाणे धड भरत नाहीत. आणि जे थोडे भरतात त्यांच्यात रोगप्रतिकाराबरोबर रानटी जातीची सगळी खोडही उतरलेली असते, जाड साल, राठ लव, वेडंवाकडं फळ. म्हणून संकरातलं झाड पुन्हा 'पुसा सावनी'शी जोडायचं, त्यातली हिरवी राहिलेली झाडं निवडायची, त्यांचं बी पुढच्या हंगामात लावायचं, पुन्हा निवडायचं. भेंडीच्या एका पिढीला चार महिने लागतात आणि हळद्याची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते, म्हणजे वर्षाला एकच खात्रीची फेरी. १९८१ साली त्यांनी हा प्रतिकार एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचं आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं आणि १९८५च्या सुमारास वाण बाहेर आला: 'परभणी क्रांती'. गर्द हिरवी, लांबट, पाच शिरांची, कोवळी भेंडी. १९८६ साली अमेरिकेतल्या उद्यानविद्येच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध झाली. जेमतेम तेरा वर्षांच्या, मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाची ही भेंडी पुढे दूरदूरच्या राज्यांत पेरली गेली आणि प्रतिकाराचा स्रोत म्हणून इतर पैदासकारांच्या संकरांत शिरली.

ती पसरली कशी, हे पाहिलं तर राखणीची दुसरी बाजू कळते. नवा वाण आधी अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या अनेक केंद्रांवर लावून पाहिला जातो, मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, ज्याला सगळे 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतात तिथे, त्यावर वाद होतो, आणि मग बियाण्याची साखळी सुरू होते: पैदासकार बियाणं, पायाभूत, प्रमाणित. भेंडीचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण मधमाशा थोडीफार लुडबुड करतातच, म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटभोवती २०० मीटर आणि पायाभूत बियाण्याच्या भोवती ४०० मीटर अंतरात दुसरी भेंडी चालत नाही. शेतात फिरून वेगळं दिसणारं झाड उपटून टाकायचं, त्याला भेसळ काढणं म्हणतात. हे काम कुणाच्या नावावर लागत नाही, त्यावर निबंध लिहिता येत नाही, आणि ते दोन वर्षं ढिलं पडलं तर चांगला वाण नावापुरता उरतो. परभणीत १८ मे म्हणजे विद्यापीठाचा वर्धापनदिन, त्या दिवशी खरीप मेळावा भरतो, आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनी रब्बी मेळावा. मेळाव्यात बियाण्याच्या खिडकीसमोर रांग असते. 'शेतीभाती' हे विद्यापीठाचं मासिक, राहुरीची 'कृषिदर्शनी' यांत लागवडीचे तक्ते छापून येतात. पण खरं सांगायचं तर सरळ वाणाचा सगळ्यात मोठा प्रचारक म्हणजे पाहुणारावळा. एकदा पिशवी आणली, चार झाडं बियाला सोडली, शेंगा झाडावरच वाळू दिल्या, आणि बहिणीच्या गावाला जाताना पसाभर बी बांधून नेलं.

यावरून एक आक्षेप निघतो आणि तो वजनाचा आहे. बी पाहुण्यांच्या पिशवीतून पसरलं, तर विस्ताराचं श्रेय विद्यापीठाला कसं? मी म्हणेन, बियाण्याच्या बाबतीत आक्षेप बरोबर आहे. बियाला मेळावा लागत नाही, ते हिरवं शेत पाहून आपोआप चालतं. पण बियाबरोबर जे जायला हवं होतं ते गेलं नाही. प्रतिकारक वाण म्हणजे अभेद्य वाण नव्हे. शेजारचं रोगट झाड उपटायला हवं, बांधावरचं तण काढायला हवं, पांढऱ्या माशीची संख्या पाहून मगच फवारणी करायला हवी, पिवळे चिकट सापळे लावायला हवेत, भेंडीमागे भेंडी घेऊ नये. पसाभर बियाबरोबर हे ज्ञान प्रवास करत नाही. ती जागा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरने घेतली. शेतकरी रोगट पान रुमालात बांधून दुकानात नेतो आणि औषधाची बाटली घेऊन येतो. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्याचा उधारीचा व्यवहार विद्यापीठापेक्षा जवळचा आहे. पण सल्ला आणि विक्री एकाच तोंडून निघते तेव्हा 'यंदा फवारू नका' हा सल्ला कुणी देत नाही. विस्ताराचं अपयश मोजायचं तर ते इथे मोजावं, वाणांच्या यादीत नव्हे.

दुसरा आक्षेप थेट आहे: आज व्यापारी भेंडी करणारा शेतकरी विद्यापीठाचा वाण लावतच नाही, तो कंपनीचं संकरित बी घेतो. हेही खरं आहे. १९८८च्या नव्या बियाणे धोरणानंतर खासगी संशोधनाला वाट मोकळी झाली आणि संकरित भेंडीने बाजार घेतला. एकसारखी लांबी, जास्त तोडे, वाहतुकीत टिकणारा हिरवेपणा या गोष्टींत संकरित बी पुढे आहे आणि मुंबईच्या बाजारात गाडी पाठवणाऱ्याला त्या लागतातच. विद्यापीठं संकरित भाजीपाल्यात मागे पडली, बियाणं वेळेवर पुरवण्यात तर फारच मागे पडली. हे मान्य करायला हवं. पण संकरित बी कसं होतं ते जवळून पाहा. जालना आणि देऊळगाव राजाच्या पट्ट्यात मादी वाणाच्या ओळींत दुपारनंतर बायका उद्या उमलणारी कळी ओळखतात, नखाने तिची पाकळी आणि पुंकेसराची नळी सोलून काढतात, स्त्रीकेसराला धक्का लागू देत नाहीत, आणि कळीवर कागदाची टोपी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं ताजं फूल आणून ते स्त्रीकेसराच्या टोकावर फिरवतात. फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळे काम उद्यावर ढकलता येत नाही. या कौशल्याला किंमत मिळते ती नर आणि मादी ओळींत रोगप्रतिकार असेल तरच. तो प्रतिकार ज्या संकरांतून आणि संग्रहांतून आला त्यांचा माग काढत गेलं तर वाट परभणी, बंगळूर, लुधियाना, दिल्ली अशा सार्वजनिक शेतांकडे जाते. शिवाय संकरित वाणाचं बी घरी धरून चालत नाही, दरवर्षी नवी पिशवी. सरळ वाण बाजारात उपलब्ध असणं हाच त्या पिशवीच्या किमतीवरचा एक लगाम आहे, तो वाण लावणारे थोडे असले तरी.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर वाटतो. 'पुसा सावनी' गेली, 'परभणी क्रांती'चाही प्रतिकार ढासळला, आता तीही अनेक ठिकाणी पिवळी पडते. मग साठ वर्षांच्या खटाटोपातून उरलं काय? याचं उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. २००३ साली मदुराईच्या विद्यापीठात जोस आणि उषा यांनी दाखवलं की हळद्या एकट्या विषाणूमुळे होत नाही; त्याच्यासोबत डीएनएचा एक छोटा उपग्रह असतो आणि दोघं मिळून झाडाला पिवळं करतात. असे विषाणू एकाच झाडात भेटले की आपसात तुकडे बदलतात, आणि बदललेला विषाणू जुन्या कुलपाची किल्ली होऊन येतो. भेंडीचा हा एकच विषाणू नाही, त्याची अनेक भावंडं देशभर आहेत, आणि पानं गुंडाळणारा, मागच्या शिरांवर गाठी आणणारा आणखी एक रोग अलीकडे जोर धरतो आहे. अशा शत्रूपुढे कायमचा विजय अशी गोष्ट नसते. 'पुसा सावनी'ने दिली तशी वीस वर्षं हेच इथलं यश. त्या काळात दहा गुंठ्यांत भेंडी लावून दर दोन दिवसांनी तोडा बाजारात नेणाऱ्या घराला फवारणीच्या कितीतरी पाळ्या वाचल्या, आणि तोडणाऱ्या बाईच्या हाताला भेंडीच्या लवेची खाज तेवढी लागली, औषधाची लागली नाही. प्रतिकार ढासळतो म्हणून संशोधन व्यर्थ, हे म्हणणं पाखरं रोज येतात म्हणून राखणदार व्यर्थ असं म्हणण्यासारखं आहे.

कुणी असंही म्हणतं की भाजीपाला हे पाणी असलेल्या बागायतदाराचं पीक, सार्वजनिक पैसा कोरडवाहू धान्यालाच जावा. धान्याला पैसा जावा यात वाद नाही. पण भाजी हे मोठ्या शेतकऱ्याचं पीक ही समजूत शेतावर गेलं की टिकत नाही. ज्याच्याकडे विहिरीत दोन तासांचं पाणी आणि पाच-दहा गुंठे जमीन आहे तोच भेंडी, गवार, वांगी करतो, कारण कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि भेंडीचा आठवड्यातून तीनदा. किराणा, शाळेची फी, दवाखाना हे खर्च त्या तीन तोड्यांवर चालतात. पीक मोडलं तर तग धरायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं, आणि कंपनीचं बी बुडालं तर भरपाईसाठी भांडायला वेळ नसतो. सार्वजनिक संशोधनाची गरज ज्याला सगळ्यात जास्त आहे तो हा माणूस आहे. म्हणूनच विद्यापीठांतल्या पैदासकारांच्या आणि रोगशास्त्रज्ञांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्याच्या बातम्या येतात तेव्हा मला काळजी वाटते ती नव्या वाणांची नाही. जुन्या संग्रहातलं बी दर काही वर्षांनी लावून ताजं ठेवावं लागतं, नाहीतर उगवणशक्ती मरते. रोगाचं सर्वेक्षण एका हंगामात चुकलं तर नवा विषाणू केव्हा आणि कुठून शिरला ते पुन्हा कळत नाही. आणि पंधरा पावसाळे एकाच पिकाकडे पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत जे साठलेलं असतं ते त्याच्या निवृत्तीबरोबर जातं, कारण हाताखाली शिकणारा कुणी नेमलेलाच नसतो.

हे काम आज जिथे चालू आहे तिथे ते पावसाळ्यात पाहायला मिळतं. नव्या वाणांच्या चाचणीच्या शेतात कीटकनाशक मारत नाहीत, पांढऱ्या माशीला मोकळं रान देतात. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून चाचणीच्या ओळींच्या अधेमधे आणि कडेने हळद्याला हमखास बळी पडणाऱ्या भेंडीच्या ओळी लावतात. आधी त्या पिवळ्या पडतात, मग माशी तिथून विषाणू घेऊन नव्या झाडांवर जाते, आणि जी झाडं तरीही हिरवी राहतात त्यांना खूण म्हणून दोरा बांधला जातो. रोग बोलावून आणण्यासाठी या ओळींत बहुतेक ठिकाणी जी भेंडी पेरतात ती 'पुसा सावनी'.